तिसरा वास

सेतुराव कुठलीही वस्तू हातात आली की आधी हुंगतात. भाजी, वर्तमानपत्र, नवी छत्री, लग्नपत्रिका, काहीही. माझी सांगलीहून कुंभकोणमला बदली झाली आणि मी त्यांच्या माडीवर जागा बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं ऑफिसचं पत्र घेतलं, न वाचता नाकाशी नेलं आणि म्हणाले, "बरें आहे. रहा."

सेतुरावांचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या मराठी दरबारात कारकुनी करायला आले आणि इथलेच झाले. गल्लीत त्यांना रायर, म्हणजे राव, म्हणतात. उंबऱ्याबाहेर ते तमिळ बोलतात, उंबऱ्याच्या आत मराठी. पण ते मराठी असं की पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होते. माझं मराठी त्यांना पसंत नाही. "फार घाईचें आहे, बाई. कोण पाठीस लागलें आहे?" असं विचारतात.

"वास अस्कें सांगतो," हे त्यांचं ब्रीद. अस्कें म्हणजे सगळं. याचं मूळ सोवळ्यात आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायचं नाही, त्यामुळे या घरात स्वयंपाक करणाऱ्यानं मीठसुद्धा वासावर ओळखायचं. बायको गेल्यापासून स्वयंपाक सेतुरावच करतात, आणि मीठ आपल्याला वासावर कळतं यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. त्यांचं सांबार मी खाल्लेलं आहे. मीठ त्यांना कळत नाही.

घर उदास आहे, हे सांगितलंच पाहिजे. चार खोल्या, तीन कायम बंद. चौथीत एक खुर्ची, एक खाट आणि बायकोचा फोटो. डिसेंबरात पाऊस धड पडत नाही आणि धड जातही नाही. भिंतींना ओल येते, वाळत घातलेले कपडे आंबतात. अशाच एका नाताळाच्या सुमाराला परसातून जायफळाचा वास आला म्हणून मी खाली डोकावले. सेतुराव विहिरीशेजारी वेगळी शेगडी मांडून, वेगळ्या इडलीपात्रात काहीतरी उकडत होते. बाजूला बेकरीतला पाव, काळ्या मनुका, खजूर, सुके अंजीर. मी थक्कच झाले. बेकरीचा पाव या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मी माडीवर आणते तोसुद्धा मागच्या जिन्यानं.

"हे काय, राव?"

"पुडिंग," असं म्हणून ते पात्राकडे बघत राहिले.

मनुका रात्रभर कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये भिजवलेल्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ख्रिस्ती लोक मनुका कसल्याशा तपकिरी पेयात भिजवतात. सेतुरावांना तपकिरी पेय एकच ठाऊक. डबा निघाला, त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटून नाक आत घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "नव्हे." आणि सगळा डबा मला देऊन टाकला.

दोन वर्षं डिसेंबरात मी हे 'नव्हे' खाल्लं. मध्ये घट्ट, कडेला पातळ, आणि कॉफीनं कडू. फुकटचं म्हणून नावं ठेवू नयेत, पण ठेवली.

दुसऱ्या वर्षी मी हट्टानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी अंबुजा तिरुविडैमरुदूरला असते. इथून गाडीनं पाव तासही लागत नाही. चौदा वर्षांपूर्वी तिनं एका ख्रिस्ती मास्तराशी लग्न केलं. सेतुराव भांडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. पहिल्या नाताळाला तिनं स्वतः केलेलं पुडिंग डब्यात घालून पाठवलं. त्यांनी डबा उघडला, हुंगला, आणि त्यात अंडं असणार म्हणून परसातल्या गायीपुढे ठेवला.

"गायीला घातलों, बाई. ती आवडीनें खाल्ली."

बायको असेपर्यंत हा विषय निघाला नाही. ती गेली तेव्हा अंबुजा आली होती, पण ओसरीच्या खालीच उभी राहिली आणि तशीच परत गेली. तेव्हापासून सेतुरावांच्या मनानं घेतलं की तिनं पाठवलेलं जसंच्या तसं करायचं आणि आपल्या हातानं तिला नेऊन द्यायचं. चुकीचं घेऊन कुठल्या तोंडानं जायचं, असं त्यांचं म्हणणं. चव घेतलेलीच नव्हती. उरला होता तो वास. जायफळ सापडलं होतं, करपवलेली साखर सापडली होती. तिसरा एक वास काही केल्या सापडत नव्हता. दालचिनी झाली, सुंठ झाली, एका वर्षी तर धूपसुद्धा शेगडीशेजारी लावून झाला.

यंदा ते माडीवर आले. आजवर कधी आले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाले, "तुमच्यांत तें चालतें नव्हे?"

"ते म्हणजे?"

त्यांनी बोटांनी हवेत एक लांबट गोल काढला. शहात्तर वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला नव्हता आणि त्या दिवशीही पडला नाही.

मी एक अंडं आणलं. परसात फोडलं, फेटलं, पावावर ओतलं. सेतुराव विहिरीकडे तोंड करून मोठ्यानं विष्णूची नावं म्हणत होते. मला हसू आवरत नव्हतं. पण नीट ऐकलं तर ते एकाच नावावर अडकून तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मग हसू गेलं. पुडिंग शिजल्यावर त्यांनी डबा हुंगला. या खेपेला 'नव्हे' म्हणाले नाहीत. "हेंच असावें," म्हणाले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांना खात्री नाही. पण शोध आता त्यांना झेपतही नव्हता.

नाताळच्या सकाळी आम्ही गाडीनं तिरुविडैमरुदूरला गेलो. मला सोबत न्यायचं कारण म्हणजे त्यांना एकट्यानं दार वाजवायचं नव्हतं.

अंबुजानं दार उघडलं. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. वडिलांकडे तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली. कुणी 'या' म्हणालं नाही. आम्ही आत जाऊन बाकावर बसलो. सेतुरावांनी डबा पुढे केला.

"तूं धाडलीस तसेंच आहे. यांत तेंही आहे. मीच घालावयास सांगितलों."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचा चेहरा पडला.

"अप्पा, मी घातलें नव्हतें."

"काय?"

"तुम्हांस चालत नाही, मला ठाऊक नाही का? त्याच्या बदली पिकलें केळें कुसकरून घातलें होतें."

केळं! कुंभकोणमच्या परसापरसात केळी. रोजच्या नैवेद्याच्या ताटात केळं. आयुष्यभर ज्याच्या शेजारी बसून पूजा केली, तोच वास या माणसाला ओळखता आला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. एका केळ्यापायी चौदा वर्षं, आणि वर आयुष्यभराचं सोवळं बुडालं ते वेगळंच.

"तें गायीला घातलों, गे," सेतुराव म्हणाले.

"ठाऊक आहे. अम्मा सांगितली होती."

"मग तूं बोलली कां नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलेंत?"

अंबुजा डबा घेऊन समोर बसली. डबा तिच्या मांडीवर बंदच होता. तिनं तो उघडला नाही, आणि उघडावा असं म्हणायचा मला धीर झाला नाही. बाहेर चर्चमधून परतणारी माणसं एकमेकांशी हसत बोलत होती. सेतुराव खूप म्हातारे दिसत होते. शेवटी त्यांनी खाली बघतच म्हटलं, "थोडें पाणी दे."

तिनं डबा बाजूला ठेवला. लग्नानंतर तिच्या हातचं त्यांनी काही घेतलं नव्हतं. मग आत जाऊन पितळी पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात न देता बाकावर ठेवला. इकडे भांडं ओठांना लावत नाहीत; मान मागे टाकून वरून धार सोडतात, लेकीच्या घरीसुद्धा. सेतुरावांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, ओठांना लावला, आणि लहान मूल पितं तसं सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

अंबुजा भिंतीकडे तोंड करून रडत होती. "आणीक देऊं का, अप्पा?" तिनं विचारलं.

"दे," ते म्हणाले.