शेवटची टिंग कुठे गेली?

माझे कान म्हणजे कान आहेत! उगाच बढाई मारत नाही. पन्नास वाद्यं एकदम वाजू देत, त्यातली आमच्या हिची टिंग मी अचूक वेगळी काढणार!

ही टिंग काय, ते आधी सांगतो. लग्नाआधी ही एका मोठ्या वाद्यवृंदात होती. हिच्याकडे काय? स्टीलची एक त्रिकोणी कांब आणि ती वाजवायला बोटभर कांडी! बाकीचे तासभर घाम गाळणार आणि ही आपली शांत उभी. अगदी शेवटी, सगळं थांबता थांबता, हिची एकच टिंग! त्या एका टिंगेवर मी भाळलो. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आमच्याकडे आहे. हिच्या वाढदिवसाला ती लावायची आणि टिंग झाली की मी "व्वा!" म्हणायचं, एवढीच भेट ही माझ्याकडून घेते. दुसरं काही आणलं तर परत करायला लावते.

परवा वाढदिवस होता. मुलगा, सूनबाई, सगळे जमले. मी डोळे मिटून तयार! व्हायोलिनं थांबली, ढोल थांबला, आणि टिंग आलीच नाही!

"रेकॉर्ड बिघडली!" मी ओरडलो.

"बाबा, वाजली की!" मुलगा म्हणाला.

"डोंबल वाजली! सुई झिजलीय!"

सुई बदलली. टिंग नाही. वायरी उलटसुलट केल्या. टिंग नाही! मला काही बसवेना. पेचकस घेऊन स्पीकरच उघडला, आतला कापूस उपसला, तो परत कोंबला.

"बाबा, एकदा कानांच्या डॉक्टरांना..." सूनबाईने सुरुवात केली.

"त्यांना काय स्पीकर दुरुस्त करता येतो?" असं म्हणून मी बारीक, किणकिणता आवाज वाढवायचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. सूनबाईने कानांत बोटं घातली. कुत्रं पलंगाखाली शिरलं. शेजारीण धावत आली.

"काका, काचेचं कपाट पडलं का हो?"

"तुला टिंग ऐकू आली?"

"अहो, अख्ख्या गल्लीला आली!"

मी मटकन खालीच बसलो. गल्लीला येते आणि मला नाही? हिची टिंग? या घरात मला दुसरं काहीही ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं!

 हिने आत जाऊन कपाटाची उचकापाचक केली आणि ती जुनी त्रिकोणी कांबच घेऊन आली. "डोळे मिटा," म्हणाली.

मी डोळे घट्ट मिटले आणि सगळा जीव कानांत गोळा केला. शांतता. नुसती शांतता! हिरमुसलेला हिचा चेहरा मिटल्या डोळ्यांपुढे दिसायला लागला. एवढ्या वेळात वाजली असणारच, असा मी अंदाज बांधला आणि मान डोलावली.

"व्वा! काय टिंग आहे! अगदी तश्शीच!"

 मग ही माझ्या कानाशी आली.

"अहो," म्हणाली, "मी अजून कांडीच शोधतेय!"

उद्या कानांच्या डॉक्टरांकडे जातोय. निदान "व्वा" कधी म्हणायचं, एवढं तरी कळेल.