शिंगवाल्या सायकलीवरचा नमस्कार

१९५४ साली डोंबिवली-कल्याण भागात रेसची सायकल एकच होती, आणि ती चालवायची अक्कलही एकालाच होती, असं बाळ टिपणीसचं ठाम मत! तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्या शिंगांच्या अगदी तळाशी बाळच्या मुठी, पाठ आडवी आणि नाक पुढच्या चाकाशी. "रेसवाले असंच धरतात!" हे तो कचेरीत रोज एकदा तरी ऐकवायचा.

शनिवारी संध्याकाळी मामा तणतणत आले.

"बाळ, सुमतीचं स्थळ गेलं म्हणून समज! तिचे वडील हरिहरराव म्हणतात, मुलगा उद्धट आहे. पारनाक्यावर तीनदा त्यांच्या समोरून गेलास. नमस्कार सोड, मानसुद्धा वर केली नाहीस!"

"अहो, पण मी त्यांना कधी पाहिलंच नाही!"

खरंच होतं ते. सुमतीला दाखवायला मामांकडे तिची आई घेऊन आली होती. हरिहरराव तापानं पडलेले. पण चहाची बशी पुढे करताना सुमतीनं हळूच विचारलं होतं, "मला शिकवाल सायकल?" तेव्हापासून बाळला दुसरं काही सुचत नव्हतं.

"उद्या दहाला घरी बोलावलंय. शेवटची संधी! वाटेत दिसले तर आधी नमस्कार. आणि दोन्ही हातांनी हं!"

"दिसतात कसे?"

"काळी टोपी, पांढऱ्या मिशा."

रात्रभर बाळचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो दगडू सायकलवाल्याच्या दुकानात हजर.

"दगडू, मान वर राहील असं काहीतरी कर!"

"मग हात वर ठेवा की, साहेब! वर आडवी दांडी हाय, ब्रेकापाशी धरता येतं. खालती धरायचं ते वारा तोंडावर आला तरच."

"वर धरलं तर साध्या सायकलीसारखं दिसतं रे! हँडलच उलटं कर."

दगडूनं कपाळावर हात मारला आणि हँडल फिरवलं. शिंगं आकाशाकडे गेली. ब्रेकही त्यांच्याबरोबर गेले, बोटं काही पोचेनात!

"सावकाश जा बरं," दगडू म्हणाला.

पण साडेनऊ वाजून गेले होते. पारनाक्याजवळ पहिली काळी टोपी दिसली. बाळनं दोन्ही हात सोडून नमस्कार ठोकला. तो निघाला कासार. पुढे दुसरी टोपी, पुन्हा नमस्कार. ते पोस्टमास्तर! सायकल डगमगत होती. अर्ध्या कल्याणला काळी टोपी आणि पांढऱ्या मिशा कशाला हव्यात, देव जाणे!

तेवढ्यात उतारावर एका ओट्याखाली उभे असलेले गृहस्थ थेट त्याच्याकडेच बघताना दिसले. हेच ते! बाळनं हात जोडले. चाक गटाराच्या दगडावर आपटलं आणि बाळ उडून त्या गृहस्थांच्या पायांवर पालथा! उजवा खांदा ठणकायला लागला.

"अरे वा, साष्टांग! असा विनय हल्ली बघायला मिळतो कुठे?" गृहस्थांनी त्याला उठवलं. "लग्न झालंय का तुमचं? नाही, आमची चित्रा..."

"टिपणीस!" समोरच्या ओट्यावरून आवाज कडाडला. तिथेही काळी टोपी, तिथेही पांढऱ्या मिशा. "मी हरिहर गुप्ते! मला तीनदा टाळलंत, आणि लोटांगण कुणापुढे? माझी विहीर बळकावणाऱ्या या चुलतभावापुढे!"

संपलं सगळं. गेली सुमती!

"हरी, तुला नको असेल तर राहू दे," चुलतभाऊ गोड हसले आणि बाळचा डावा हात धरून घराकडे निघाले. "मी नेतो."

हरिहरराव तीन उड्यांत खाली आले आणि त्यांनी उजवा हात पकडला. "खबरदार! विहीर घेतलीस, आता जावईही घेतोस? मुलगा माझा आहे! पुढच्या महिन्यात लग्न!"

दोघांनी आपापल्या बाजूला ओढलं. उजवा खांदा कटकन वाजला.

बाळ घरात गेला तो हरिहररावांच्याच. सुमती लगबगीनं हळदीचा लेप घेऊन आली. खांदा ठणकत होता, पण बाळला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"अहो," ती कुजबुजली, "बाबांना नमस्कार करायचा राहिलाय."

बाळ धडपडत उठला. डावा हात वर आला. उजवा काही केल्या हलेना.

हरिहररावांच्या भुवया चढल्या. "एका हातानं?"