पाचशे ताटांवरचे भैयाजी

राज्य तलवारीने मिळतं, पण टिकतं ते चेहऱ्याने, हे सत्य आमच्या गावाला तलावातल्या गाळाने शिकवलं. गाव एकोडीच्या पलीकडे. गाळ काढताना बायजाबाईंच्या फावड्याला एक नाणं लागलं. ते रीतसर सरकारजमा झालं (बायजाबाईंना पोचपावती मिळाली). तपासायला नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या मेघा मॅडम आल्या.

"रोमन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. हा त्यांचा बादशहा."

"यानं केलं काय?" सरपंच भैयाजींनी विचारलं.

"फारसं काही नाही. पण जिथं नाणं पोचलं, तिथं याचं तोंड पोचलं."

भैयाजी त्या दिवशी जेवले नाहीत. तीनदा सरपंच होऊनही (एकदा पत्नीच्या नावे) त्यांचा चेहरा फक्त फ्लेक्सवर होता, आणि फ्लेक्स लोक पावसाळ्यात गोठ्यावर टाकतात. नाणी पाडायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही (ग्रामसेवकाने कायदा दोनदा वाचला). म्हणून ठराव झाला: गावजेवणाच्या पाचशे पितळी ताटांत मधोमध सरपंचांचा चेहरा ठसवावा.

भंडाऱ्याच्या कारागिराने बादशहासारखी एका बाजूची मुद्रा सुचवली. भैयाजी म्हणाले, "एकच डोळा दिसन तर लोकं काना म्हणतीन."

चेहरा समोरून झाला. नाक नाकपुड्यांसकट दीड इंच वर आलं.

हनुमान मंदिराच्या महाप्रसादाला ताटं मांडली. भैयाजी हात जोडून पंगतीतून फिरले. वरण त्यांच्या कपाळावरून ओघळून जेवणाऱ्यांच्या मांडीवर येत होतं. तेवढ्यात कुंताबाई ओरडल्या, "भैयाजी, तुमच्या नाकात वांग्याची भाजी फसली ना!"

"काढा न मंग!"

"बोट जाऊन नाही राहिलं!"

पाहता पाहता सगळी पंगत सरपंचांच्या नाकात बोटं घालू लागली. एवढा थेट जनसंपर्क जिल्ह्यात कोणत्याही लोकप्रतिनिधीला लाभलेला नाही.

भैयाजी मंदिरामागे जाऊन बसले. डोळे भरले होते. कुंताबाई पत्रावळीवर भात घेऊन आल्या.

"जेवा. याच्यात नाक नाही. अन् रडता कायले? आता तुमाले मरेपर्यंत कोणी विसरत नाही."

भैयाजी जेवले. दोनदा भात मागितला. पुढच्याच आठवड्यात लाखनीहून लग्नासाठी 'नाकवाल्या ताटां'ची मागणी आली. भैयाजींनी बांधलेला पूल कोणाला आठवत नाही, पण पंचक्रोशीत नाव झालं.

आमच्या गावाला खुशाल हसा. फक्त त्या बादशहाचं नाव तेवढं सांगा. इथवर वाचत आलात, पण विचारलं तुम्हीही नाही.