नामपूरचे अहिरे डॉक्टर

अहिरे माणसांना नावानं हाक मारत नसत, आजारानं मारत. मी नाशिकला द्वारकेच्या चौकात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बसची वाट बघत उभा असलो की रस्त्यापलीकडून आरोळी यायची, "काय टॉन्सिल, आज फर्स्ट शिफ्ट?" थांब्यावरची सगळी माणसं माझ्या गळ्याकडे बघायची. माझी बायको त्यांच्या लेखी पित्तवहिनी. एकदा भर बाजारात त्यांनी आमच्या मुलांच्या हेडमास्तरांना "नमस्कार मूळव्याध" म्हटलं. त्यानंतर हेडमास्तर भाजीला दुसऱ्या बाजारात जाऊ लागले.

अहिरे आमचे शेजारी, आणि जवळच्याच एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दवाखान्यात जाताना घरून रिकामी बाटली न्यायची, तीत लाल मिक्श्चर मिळायचं आणि बाहेरून डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. ती पट्टी अहिरे जीभ बाहेर काढून, अगदी तल्लीन होऊन कातरत. बाटली हातात देताना "हलवून घ्या!" म्हणून दरडावत. ते शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की आमच्याकडे चहा घेतानासुद्धा विचारायचे, "वहिनी, हलवून दिलात ना?"

शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक नापास. "आमचं कॉलेज साहेबांच्या खुर्चीमागं," असं मात्र छाती काढून सांगत. तिथं उभं राहून ते जखम बांधायला शिकले, सुया उकळायला शिकले, इंजेक्शन तर असं देत की पोरं रडायचं विसरत. एकच गोष्ट त्यांना जमली नव्हती. "साहेब पोटावर बोटं ठेवून डोळे मिटतात ना, त्यांना काय कळतं ते आपल्याला अजून उमगलं नाही बघा."

एका रविवारी त्यांच्या गावाहून, नामपूरहून निरोप आला. आई आजारी आहे, पोटात फार दुखतंय. डॉक्टरांनी लगेच आपली फियाट काढली. मला सुट्टी होती, म्हणून सोबतीला मीही बसलो. सटाणा मागं पडलं तेव्हा अहिरे चाचरत म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राहिलं. गावात सगळे मला डॉक्टर समजतात. आईच सांगत फिरते. मी कधी नाही म्हटलं नाही."

डॉक्टर खो खो हसले. माणूस दिलदार. म्हणाले, "मग आज मी तुमचा कंपाउंडर. आणा ती बॅग इकडे."

आणि खरंच, पुढे अहिरे, मागे बॅग घेतलेले डॉक्टर, त्यांच्या मागे मी, अशी आमची वरात घरात शिरली. दारात शेजारच्या बायकांची ही गर्दी. खाटेवरच्या म्हातारीनं डॉक्टरांना वरून खाली न्याहाळलं. "तुना कंपाउंडर म्हातारा शे रे. नीट काम करस का?"

"शिकतोय, आई," डॉक्टर म्हणाले. मला हसू आवरेना.

मग डॉक्टर तिचं पोट तपासायला वाकले, आणि तिनं त्यांचा हात झिडकारला. "मना पोर्‍या डागदर शे ना! कंपाउंडरना हात कसाले?"

माझं हसू तिथंच विरलं. डॉक्टरांनी अहिऱ्यांकडे पाहिलं. आता सांगून टाका, असंच त्या बघण्यात होतं. अहिऱ्यांनी तोंड उघडलं. दारात सगळा शेजार आणि समोर आईचा तो अभिमानानं फुललेला चेहरा. त्यांनी तोंड मिटलं, खाटेवर बसले आणि स्वतःच तिच्या पोटावर हात ठेवला.

"कडक लागतंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"मऊ आहे."

"नक्की?"

"नक्की," अहिरे म्हणाले. साहेबांसारखे डोळे त्यांनी मिटून घेतले होते.

औषध देऊन बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, तरीही हिला आजच नाशिकला नेऊ. म्हातारी ऐकेना. "पोर्‍यानी हात लाया, आते माले बरं वाटी ऱ्हायनं. नाशिकले कसाले जाऊ?" त्याच आठवड्यात ती गेली.

डॉक्टरांनी अहिऱ्यांना किती वेळा समजावलं. "आईंचं वय झालं होतं, मी तपासलं असतं तरी फारसा फरक पडला नसता." असेलही. पुढे डॉक्टर थकले, मिक्श्चरच्या बाटल्या गेल्या, गोळ्यांची पाकिटं आली, नव्या दवाखान्यांना शिकलेल्या नर्सबाई हव्या होत्या. अहिरे घरीच बसू लागले. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा.

एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना. आपलं काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "अहिरे, आईला शेवटी केवढं समाधान मिळालं. पोरानं तपासलं."



"सगळ्या द्वारकेच्या आयांना मी नंबरानं आत सोडलं," ते म्हणाले. "माझ्या आईला तेवढं डॉक्टरनं तपासलंच नाही हो."