निवृत्तीअण्णांची साडेपाचनंतरची सुट्टी

शेखर संध्याकाळी साडेपाचला निफाडजवळच्या पॅकहाउसमधून निघायचा, पण घरी पोहोचायचे ते फक्त त्याचे पाय. दिवसभर द्राक्षं तपासून त्याच्या डोळ्यांना अशी खोड लागली होती, की घरीही तो ताटातल्या मटकीचे बारके दाणे वेगळे काढायचा. शेजारच्या बारशात तर "बाळ गोड आहे, पण साइज जरा कमी," असं म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून शेजारीण त्याच्या बायकोशी, सायलीशी, बोलत नव्हती.

आणि आता सायलीच्या धाकट्या बहिणीसाठी, वेदिकासाठी, सायखेड्याला घर बघायला जायचं होतं. मुलगा वेदिकाला मनापासून आवडला होता. त्यांची द्राक्षबाग होती.

"तिथं द्राक्षाचा एक मणी जरी मोजलात, तर मी परत तुमच्याबरोबर यायची नाही," सायलीने बजावलं.

शेखरने निवृत्तीअण्णांना गाठलं. अण्णा पॅकहाउसमधले सगळ्यात जुने चेकर. साडेपाच वाजले की डोक्यावरची टोपी खिळ्याला, आणि टोपीबरोबर कामही. वीस वर्षांत त्यांनी घरी कामाचं अवाक्षर काढलं नव्हतं. असा माणूस खरोखर थोर.

"अण्णा, तुम्ही सोबत चला. मला आवरा."

"सोपं हाय. हात खिशात, नजर छताला," अण्णा म्हणाले.

सायखेड्याला मुलाच्या वडिलांनी, धोंडीरामांनी, पाहुण्यांपुढे आपल्याच बागेतल्या द्राक्षांची ताटली ठेवली. शेखरने लगेच हात खिशात घातले आणि मान वर केली.

"घ्या की पाव्हणं."

"नको."

"बाग कशी वाटली?"

"बघितली नाही."

पाहुणा एवढं काय बघतोय म्हणून धोंडीरामांनीही वर पाहिलं. छताला मागच्या पावसाळ्यातला ओलीचा मोठा डाग होता.

"ते गळतं, म्हाइतीये आमाला," त्यांचा आवाज चढला. "दुरुस्त करणारच हाय. पण घर पसंत नसंल तर तोंडानं सांगावं, असं छताकडं बघत बसू नये."

ते उठून उभे राहिले. सायलीच्या हातातला फोन वाजत होता. निकाल ऐकायला घरी थांबलेल्या वेदिकाचा होता. तो उचलायची सायलीची छाती होईना.

"वेदिकाचा फोन येतोय. अण्णा, तुम्ही तरी यांना समजवा ना," ती काकुळतीने म्हणाली.

अण्णांचं लक्षच नव्हतं. ताटली त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यात द्राक्षांचे तीन नीट ढीग झाले होते.

"हे काय?" धोंडीरामांनी विचारलं.

"हे एक्स्पोर्टचे, हे लोकल, हे बेदाण्याला," अण्णा सवयीने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

धोंडीराम वाकले. पहिला ढीग सगळ्यात मोठा होता. त्यांनी त्यातले दोन मणी उचलून उजेडात धरले.

"व्यापारी म्हनतो, तुमचा समदा माल बेदाण्याचा, अन् भाव पाडतो," ते सावकाश खाली बसले. "चहा टाका गं. अन् त्या पोरीचा फोन घ्या आधी, कवाचा वाजतोय."

परतताना अण्णा गाडीत शेखरशेजारी बसले.

"अण्णा," शेखरने विचारलं, "मग घरी कसं जमतं हो तुम्हाला?"

अण्णा ओशाळले. "वीस वर्षं झाली, घरात द्राक्ष येऊ दिलं नाय."

शेखरला ते आता आणखीच थोर वाटले. "आणि मटकी?"

"मटकी बी नाय," अण्णा म्हणाले. "नुसती डाळ खातो. ती समदी सारखी असते."