खासे काशीरामजी धावो लागले त्याची हकिकत

श्रीगावदेवी समर्थ. शके एकोणीसशे चौतीस, नंदन नाम संवत्सरी, पौष मासी, पनवेल परगण्यात खाडीचे काठी मौजे शेलटोली येथे राजमान्य राजश्री काशीरामजी, उमर साठीस टेकलेली, देह कोणत्याही वजनकाट्यास न मानवणारा, हे एके प्रातःकाळी आपले दोन पायांवर धावो लागले. हे वर्तमान ज्यांनी डोळां पाहिले त्यांस खरे वाटले नाही, आणि ज्यांनी ऐकिले त्यांनी सांगणारासच पुसले की सकाळीच घेतली काय. सबब जे घडले ते आदीपासोन, भीड न धरिता, लिहोन ठेविले आहे. थोरांची निंदा लिहू नये ऐसा रिवाज आहे खरा, परंतु काशीरामजींचे धावणे एकवार पाहिल्यावर तो रिवाज पाळणे आमचे हातून होणे नाही.

या मोहिमेचे कारण ऐसे. शेलटोलीस चैत्री पुनवेस देवीची जत्रा भरते आणि त्या दिवशी बंदरावरोन देवळापावेतो मानाची काठी नेतात. काठी म्हणजे दोन पुरुष उंच वेळू, त्यास निशाण आणि घुंगरे; ती छातीशी धरोन पळत न्यावयाची, भुईस टेकवावयाची नाही. आणि गावचा कायदा ऐसा की वाटेत ज्याचे दारी काठी टेकली ते घर देवीने पसंत केले, मग पुढे मान त्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या. हा मान काशीरामजींचे घरी कोणा आजोबांचे आजोबांपासोन चालत आलेला. त्यांचे तीर्थरूप आबा, मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहोन देह कमावलेले, यांनी गुदस्त सालपावेतो काठी नेली. मग डोळे गेले आणि कंबर गेली, आणि आबा खाटेवर पडोन आढ्यास टांगलेल्या काठीकडे कान लावोन राहिले. त्यांनी लेकास बोलावोन इतकेच सांगितले की, "टेकली तर मना सांगू नको. आन्‌ मी मेल्यावर रडू पन नको."

काशीरामजींस हे शब्द लागले. लागले, परंतु देहास त्याची खबर नव्हती. कारण आबांची जमीन जावोन मोबदला आला होता आणि मोबदल्यामागोमाग चारचाकी आली होती, आणि ती आलियापासोन काशीरामजींनी भुईस पाय लावणे जवळजवळ मना केले होते. पानाचे दुकान समोरासमोर, तरी स्वारी गाडी काढोन, वळवोन, काच खाली करोन पान मागवीत असे. जिना दिसला की त्यांस गुडघा आठवे, आणि मटणाचे ताट दिसले की गुडघ्याचा विसर पडे.

इकडे गनीम तयार होता. चुलतबंधू भगवानजी यांनी देवळाचे चढावर, नेमके जेथे चालत्या माणसाचाही दम जातो तेथे, दोन मजली हवेली उठविली होती आणि तिचा ओटा सरकवीत सरकवीत रस्त्यापावेतो आणिला होता. लोकांस वाटले हौस आहे. हौस नव्हे, तो मोर्चा होता. आबांचे पाय थकले त्या दिवसापासोन भगवानजी त्या ओट्यावर बसोन चढाकडे पाहत आणि मिशीस हात लावीत.

तेव्हा काशीरामजींनी मसलत केली की चिरंजीव परेश जिममध्ये जातो, आरशात दंड पाहतो, त्याचे हाती काठी द्यावी. हे देवळात पंचांपुढे निघाले, आणि भगवानजींनी उभे राहोन ठराव मांडिला की परेशची बिऱ्हाडचूल खारघरास फ्लॅटात आहे, तो जत्रेचा पाहुणा आहे. ज्याची चूल मानाचे घरात पेटते त्याचाच हात काठीस लागावा, दुसऱ्याचा लागो नये. देवळाची थोरली मालूआजी, जिचे वय गावात कोणास ठाऊक नाही, तिने मान हलविली आणि ठराव कायम जाहला. भगवानजी घरी गेले ते हसत गेले. या ठरावाचे पुढे काय होईल हे तेव्हा त्यांस कळते तर ते तोंड शिवोन घेते.

मग तयारी. काशीरामजी खासे पनवेलीस गेले आणि अबरार यांचे दुकानी बसोन हुकूम केला की दुकानातील सर्वांत महाग बूट आणावे. अबरार यांनी पोपटी रंगाचे, अंधारातही दिसतील ऐसे बूट पायांत चढविले, आणि लेस बांधणे पोटामुळे खाशांस जमेना म्हणोन तेही स्वहस्ते बांधोन दिले, आणि बोलले, "चाचा, बूट एकदम फर्स्टक्लास आहे. दम मात्र तुमचा तुम्हालाच आणायचा आहे, तो माल आम्ही ठेवत नाही." काशीरामजींनी हे हसण्यावारी नेले. तेथेच अंगाबरोबर ताणणारा सूट, मनगटास पट्टी, कपाळास पट्टी ऐसा सरंजाम खरीद जाहला. इतका सरंजाम अंगावर चढविल्यावर धावणे राहिलेच काय, ऐसे त्यांचे मनी आले.

दुसरे दिवशी झुंजूमुंजू होता स्वारी निघाली. आता शेलटोलीत कोणी शहाणा, पैसेवाला, वयाचा माणूस उजाडता धावत नाही. धावला तर दोनच कारणे, कोणी मेले किंवा तोडकामाची गाडी आली. गावची निम्मी घरे परवान्याविना वाढलेली, तेव्हा ही दुसरी भीती कोणाचे मनातून कधी गेलेली नाही. काशीरामजी धापा टाकीत गल्लीतून जाताना मालूआजीने खिडकीतून पाहिले आणि विचारिले, "काशा, कोन गेला रं?" त्यास उत्तर देण्याइतका वारा काशीरामजींचे छातीत नव्हता, त्यांनी फक्त हात हलविला, तो चढाकडे. मग काय विचारता. जेसीबी चढावरोन येते आहे ऐसी आवई उठली, आणि बाया पोरे कडेवर घेवोन रस्त्यात बसल्या, आणि गडी पहारी घेवोन काशीरामजींचे मागे पळो लागले. भगवानजी अंगास साबण लागलेला, कमरेस टॉवेल, ऐसे बाहेर येवोन आपले ओट्यावर आडवे पडले आणि गर्जले की आधी माझ्या अंगावरोन जावे लागेल. अवघे गाव धावले. फक्त जे धावावयास निघाले होते ते काशीरामजी शाळेचे भिंतीस धरोन ओकत उभे होते.

या फजितीवर काशीरामजींनी फर्मान काढिले की सराव गावाबाहेर करावा. मग गाडीने कर्नाळ्यास जाणे सुरू जाहले. पक्ष्यांचे रानात झाडीची सावली, पाहणारे फक्त वानर. तेथे स्वारी गाडीतून उतरोन तिकिटाचे खिडकीपासोन पहिल्या वळणापावेतो धावे, तेथे बाकावर बसे, आणि परतताना हमरस्त्यावर वडापाव घेई, कारण मेहनतीचे अंगास खुराक पाहिजे ऐसे त्यांनी कोठेसे वाचिले होते. माघ सरला आणि सूट कमरेस उसवला. वानर लोकही प्रथम उत्सुकतेने पाहत ते पुढे पाहीनासे जाहले.

तेव्हा कुटुंब हौसाबाई यांनी दखल घेतली. बाई आबांचे हाताखाली मिठागरात राबलेल्या, लग्न होवोन आल्या त्या वर्षीच डोईवर पाटी घेतलेल्या. त्यांनी गाडीची चावी डब्यात टाकिली आणि डबा तांदळात पुरला, आणि नवऱ्यास सांगितले की बंदर ते देऊळ, याच वाटेने, रोज, गाव हसले तरी. मग ऐसा देखावा जाहला की पुढे काशीरामजी पोपटी बुटांत धावताहेत, मान खाली, जीभ बाहेर, आणि मागोमाग हौसाबाई एका हाती पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हाती नवऱ्याच्या चपला घेवोन, लुगड्याचा काष्टा आवळोन, कानाशी खांद्याने फोन दाबोन उरणच्या बहिणीशी बोलत येताहेत. काशीरामजी धावत होते आणि बाई चालत होत्या, तरी अंतर तेवढेच राहत होते. बाई बोलत, "आगो कुमुद, काय सांगू, आज शाळंच्या फुडं गेलं. धर जरा." आणि फोन बाजूस करोन, "अवो, पाय उचला, माज्या भाकऱ्या रायल्यात." आणि पुनश्च कुमुदकडे वळत. बाईंस धाप लागत नाही या गोष्टीकडे गावात कोणाचे लक्ष गेले नाही, आणि खरे सांगावे तर आमचेही गेले नाही.

लोकांचे लक्ष दुसरीकडे होते. काठी ज्याचे दारी टेकेल त्याचा मान हे अवघ्यांस ठाऊक, आणि काशीरामजी टेकणार याविषयी कोणास शंका नव्हती. शंका इतकीच की कोठे. मग फाल्गुनात जो तो आपापले दारी त्यांचे स्वागतास उभा. कोणी खुर्ची मांडी, कोणी घोटभर चहा पुढे करी, कोणी म्हणे दादा घामाघूम झालाव, बसा की. हेतू हा की आजपासोन सवय लागावी. भगवानजींनी तर ओट्यावर टेबलफॅन लावोन त्याचे तोंड रस्त्याकडे फिरविले आणि कोकम सरबताची काचेची सुरई बर्फ घालोन ठेविली. काशीरामजी तेथे आले की पाय आपोआप मंद होत. ऐसा मोह बैलासही आवरता, खाशांस आवरेना, आणि मागून हौसाबाईंनी चपलेचे टोक पाठीस लाविल्यावरच ते हलत.

विजय नाम संवत्सर लागले आणि पुनव आली. बंदरावर बेंजो वाजो लागला. काशीरामजींस फेटा बांधिला, काठी छातीशी दिली. आबांस खुर्चीवर बसवोन आधीच देवळाचे पायरीशी नेले होते. त्यांस दिसत नव्हते, ते घुंगरे ऐकावयास बसले होते. हौसाबाई पाजळलेल्या निरांजनांचे आरतीचे ताट घेवोन मागे. नारळ फुटला आणि स्वारी सुटली.

लिहिणाऱ्याने खरे लिहावे. पहिला टप्पा काशीरामजी बरे धावले. शाळा मागे पडली, पिंपळ मागे पडला, आणि ज्यांनी त्यांचेवर पैजा लाविल्या होत्या त्यांची तोंडे उतरली. मग चढ आला. चढाने त्यांस पुसले की इतकी साले कोठे होता. पाय जड जाहले, घुंगरे मंद वाजो लागली, चेहऱ्याचा रंग कोकमासारखा जाहला, आणि नेमके भगवानजींचे ओट्यासमोर स्वारी थांबली. बेंजो थांबला. वर देवळाशी आबांनी मान वळविली.

भगवानजी पुढे आले आणि साखरेसारखे बोलले, "दादा, दमलाव. टेका जरा. देवी काय रागवनार नाय." काशीरामजींचे डोळ्यांत पाणी होते, ते घामाचे नव्हे. त्यांस आबांचे शब्द आठवत होते आणि हात ऐकत नव्हते, आणि वेळू मुठीतून सरकत सरकत भुईपासोन वीतभर वर येवोन राहिला.

तेव्हा हौसाबाई पुढे आल्या. "ताट धरा, भावजी," ऐसे म्हणोन त्यांनी पाजळलेले ताट भगवानजींचे दोन्ही हातांत दिले, आणि त्यांनी घेतले, कारण देवीची आरती कोण नाकारील. मग बाईंनी काठी खालोन धरिली, वर उचलिली, छातीशी घेतली. नवऱ्यास बोलल्या, "सोडा आता. तुमी बसा हितं, खुर्ची मांडलीच हाय." आणि धावल्या. मिठाची पाटी वाहिलेली मान ताठ, काष्टा आवळलेला, पाय अनवाणी, आणि घुंगरे ऐसी वाजली की बेंजोवाल्यांस ताल धरणे जड गेले. मागोमाग भगवानजी, कारण पेटती आरती भुईस ठेवता येत नाही आणि विझू देता येत नाही. तेव्हा गनीमच आपले हातांनी फत्तेची आरती घेवोन, धापा टाकीत, चढ चढला.

देवळात पोहोचताच त्यांनी दम खावोन तक्रार गुदरली की बाईमाणसाने काठी आणिली, हे चालणार नाही. मालूआजीने त्यांचेकडे पाहिले. "तूच ठराव केलास ना, ज्याची चूल त्याचा हात? त्या घरात चूल कोन पेटवतं? काशाला चुलीफुडं कवा कुनी बघितलाय?" या निवाड्यावर अपील जाहले नाही.

आबांनी हात पुढे केला, वेळू चाचपला, आणि पुसले, "काशा, धाप नाय लागली तुला?" हौसाबाई बोलल्या, "मी हाय, आबा." आबांनी वेळूवरील हात सुनेचे मुठीवर ठेविला आणि तो काढिला नाही, आणि बोलले, "पाय वळखले मी. मिठागरातलेच हायत."

येणेप्रमाणे चैत्र शुद्ध पौर्णिमेस मोहीम फत्ते जाहली. मान मानाचे घरी राहिला. खासे काशीरामजींचा पराक्रमही दफ्तरी दाखल करणे आम्हांस भाग आहे तो ऐसा की त्यांनी एकल्याने शत्रूचे ओट्यावर चाल केली, शत्रूची खुर्ची जातीने काबीज केली, फॅन हस्तगत करोन आपलेकडे फिरविला आणि सरबताची सुरई तळापावेतो लुटली. घुंगरे वर देवळात थांबली तेव्हा ते उठले आणि कोणी न सांगता चढ चालत चढो लागले, ही एक गोष्ट आम्ही न हसता लिहितो. दुसरे दिवशी उजाडता हौसाबाईंनी पुढील सालचा सराव आरंभिला, आणि नवऱ्यास हुकूम जाहला की पाण्याची बाटली आणि चपला धरोन मागोमाग यावे, आणि पायी यावे.