प, फ, ब, भ आणि गिरीशचा ओठ

शनिवारी साडेआठला डेंटिस्टची अपॉइंटमेंट आणि दहाला मराठी शाळेत शिकवायचा वर्ग, दोन्ही आरामात जमेल असं परदेशात, सनीव्हेलला स्थायिक झालेल्या नागपूरच्या गिरीशने ठरवलं.

"अरे, एक काहीतरी कॅन्सल कर ना," वैदेही म्हणाली. पण चिप डिझाइन करणाऱ्या माणसाला वेळेचं गणित बायकोने शिकवायचं? (शिकवायला हवं होतं.)

थंड पाणी प्यायलं की त्याचे खालचे तीन दात ठणकत. कीडच असणार, अशी त्याची खात्री होती.

"ब्रश कसा करता?" डेंटिस्टबाईंनी विचारलं.

"खसाखसा! दोन्ही वेळा, पाच-पाच मिनिटं!"

"दिसतंय. कीड नावालाही नाही. घासून घासून हिरडीपाशी खाचा पाडल्यात तुम्ही."

बाईंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, खाचांत दाताच्याच रंगाचं फिलिंग भरलं, निळा दिवा दाखवून ते कडक केलं. काम फक्कड झालं. फक्त आपला खालचा ओठ कुठे आहे, ते गिरीशला कळेना.

वर्गात पोचला तर मागे मुलांचे आईवडील बसलेले, आणि त्यांच्यात शाळा चालवणाऱ्या शोभनाकाकू. आज त्या शिकवणं बघायला आल्या होत्या. फळ्यावर आजचा धडा: प, फ, ब, भ, म. सगळा ओठांचा कारभार!

"ह्हतंग," गिरीश म्हणाला.

"ह्हतंग!" बारा मुलं एका सुरात ओरडली.

"नाही, नाही! ह्ह... ह्हतंग!"

"नाही नाही ह्ह ह्हतंग!"

फणसाचा हणस झाला, बदकाचं वदक. सियाने हात वर केला. "काका, इज धिस नागपूर ॲक्सेंट?"

धीर यावा म्हणून गिरीश पाणी प्यायला. ते सरळ शर्टावर उतरलं. मुलं हसून हसून खुर्चीवरून घसरायला लागली. शेवटी त्याने दोन्ही ओठ चिमटीत धरून मिटले आणि झटकन सोडले.

"प!"

टाळ्या! मग मुलांनीही आपापले ओठ चिमटीत धरले, पाठोपाठ आईबापांनी. "प! ब! म!" तास संपला तरी कुणी उठेना.

नंतर, ओठात जरा जीव आल्यावर, शोभनाकाकूंनी त्याला बाजूला बोलावलं.

"सॉरी काकू, सकाळी दात भरले, म्हणून..."

"सॉरी कशाला? तीन वर्षं शिकवतोयस, पण इतकं भरभर बोलतोस की मला एक अक्षर कळत नाही. आज पहिल्यांदा तुझे उच्चार समजले. पुढच्या शनिवारी भरायला आणखी एखादा दात उरलाय का, बघ."